दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

सोमवार, १२ जून. सकाळी साडेदहा.
हजर: संपादक सर. विषयतज्ज्ञ मॅडम. लेखिका, म्हणजे शिवणबाई. वाचक म्हणून बजाजनगरच्या एक गृहिणी. टिपणं घ्यायला मी.
गैरहजर: कोणी नाही.
साहित्य: पुस्तिकेची टाईप केलेली प्रत, छापील सुती कापड, कात्री, टेप, खडू, सुईदोरा.

माझ्या वहीत हे असं लिहिलेलं आहे. साल नाही. तेव्हा मी वर्षाला एक वही करायचे आणि साल पुठ्ठ्यावर लिहायचे, तो पुठ्ठा वाळवीने खाल्ला. पण पानाच्या डोक्यावर शहराचं नाव औरंगाबाद आहे, आणि अक्षर अजून टपोरं आहे. मी तिशीच्या आसपास असेन.

उस्मानपुऱ्यात एका दुमजली इमारतीत आमचं कार्यालय होतं. ज्यांना शाळा-कॉलेजात जाऊन बसणं जमत नाही अशांसाठी घरी बसून शिकायचे छोटे अभ्यासक्रम आम्ही चालवायचो: कुक्कुटपालन, मातीपरीक्षण, घरातली वीजजोडणी. प्रत्येकाची एक पुस्तिका. लेखकाकडून मजकूर आणणं, टाईप करून घेणं, तज्ज्ञांना दाखवणं, दुरुस्त्या चढवणं, प्रुफं तपासणं आणि शेवटी छापखान्यात नेऊन देणं हे माझं काम. प्रत्येक पायरीसमोर मी एक चौकट आखायचे आणि काम झालं की तिच्यात बरोबरची खूण करायचे. त्या खुणा करताना मला जे समाधान मिळायचं ते लोकांना देवळात मिळतं म्हणतात.

या पायऱ्यांमध्ये एक पायरी आमच्या संपादक सरांनी घातलेली होती. दुसरीकडे कुठे असं करतात असं मी ऐकलेलं नाही. तिला आम्ही मुकी बैठक म्हणायचो.

पुस्तिका छापायला जाण्याआधी सर एका माणसाला बोलावायचे, ज्याला त्या विषयातलं काहीही येत नाही. त्याने मजकूर वाचायचा आणि जे लिहिलंय तेच, तेवढंच करायचं. लेखकाने समोर बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. बोलला, तर उठून कोपऱ्यातल्या स्टोव्हवर सगळ्यांसाठी चहा करायचा. कुक्कुटपालनाच्या लेखकांनी एका सकाळी पाच वेळा चहा केला होता. पाचव्यांदा कप आणून ठेवताना ते म्हणाले, "सर, पुस्तकाचं राहू द्या. मी आता हॉटेलच टाकतो."

"टाका," सर म्हणाले. "पण चहाची कृती लिहू नका. तीही चुकेल."

सर निवृत्त मुख्याध्यापक होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन्सिली, एक लाल आणि एक हिरवी. निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. तोवर शाळेत सगळं उर्दूत शिकलेले, पुढे वर्गात मराठी पुस्तकं आली. "मास्तर स्वतःच आदल्या दिवशी अक्षरं गिरवून यायचे," ते सांगायचे. "अब्बांना मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. गणिताचं पुस्तक मी एकट्यानं वाचलं. जिथं अडलो तिथं अडलोच. तेव्हापासून मी पुस्तकाला एकच गोष्ट विचारतो. तुझ्याजवळ कोणी नसलं तर तू काय करशील?" नंतर त्यांनी उभी हयात मराठीतून शिकवलं, आणि त्यांच्याइतकं स्वच्छ मराठी वाक्य लिहिणारा माणूस मी पाहिलेला नाही.

लाल पेन्सिल चुकांसाठी होती. हिरवीने ते समासात एक लहानसा उघडा तळहात काढायचे. त्याचा अर्थ असा, की इथं मजकूर पुरा नाही, इथं लेखकाला स्वतः येऊन हात लावावा लागेल. लेखक लाल खुणांना घाबरायचे. मला मात्र हिरव्या तळहातांची जास्त धास्ती असायची, कारण एका तळहातामागे दोन-दोन दिवसांचं काम निघायचं.

त्या जूनमधली पुस्तिका ब्लाउज शिवण्याची होती. लेखिका शिवणबाई. शहागंजच्या मागे दोन खोल्यांत त्यांचा वर्ग होता, सहा मशिनी, एकोणीस वर्षं चाललेला. आसपासच्या सगळ्या घरांतल्या मुली तिथं यायच्या, बुरखा खुंटीला अडकवून किंवा पदर खोचून एकाच टेबलाशी कापायला उभ्या राहायच्या. बाई स्वतः नववीतून शाळा सोडलेल्या. त्यांनी सगळा मजकूर रेघी वहीत पेनाने लिहून आणला होता, आणि पहिल्या पानावर शीर्षकाखाली आपलं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं.

त्यांच्यासाठी हे नुसतं नाव छापून येण्याचं प्रकरण नव्हतं. पुस्तिका मंजूर झाली तर त्यांचाच वर्ग अभ्यासकेंद्र होणार होता, आणि त्यांच्या मुलींना पहिल्यांदाच प्रमाणपत्र मिळणार होतं. नामंजूर झाली तर दुसरीकडची एक तयार पुस्तिका घ्यायची आणि केंद्र पदविकावाल्या शिक्षिकेकडे द्यायचं, असं अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या समितीत जवळजवळ ठरलेलं होतं. समितीची बैठक त्याच शनिवारी दुपारी तीनला होती.

तयार पुस्तिकेच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्या विषयतज्ज्ञ मॅडम होत्या. कॉलेजात गृहविज्ञान शिकवायच्या. मॅडम वाईट नव्हत्या. नीटनेटक्या होत्या, आणि मला नीटनेटकी माणसं आवडतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की शिवणबाईंची भाषा बोलण्यातली आहे, पुस्तकातली नाही, आणि चांगली शिवणारी बाई चांगलं लिहील असं काही नसतं.

"करून पाहू," सर म्हणाले. त्यांचं सगळ्यावर हेच उत्तर असायचं.

तर सोमवार. बजाजनगरच्या वाचकबाई रिक्षा बदलत, घाम पुसत वेळेवर आल्या. सातवी पास, नवरा वाळूजला कंपनीत, घरातली कात्री दुधाच्या पिशव्या कापायला. टेबलावरचं कापड पाहून त्या बिचकल्या.

"साहेब, माझं चुकलं तर?"

"तुम्ही चुकूच शकत नाही," सर म्हणाले. "आज चुकलं तर पुस्तक चुकलं."

"लई बरं झालं. घरी असं कोणीच म्हणंना अजून."

मापं घेण्याचं प्रकरण छान गेलं. पुढचा आणि मागचा भागही कापून झाले. वाचकबाई ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायच्या, मग बोट तिथंच ठेवून दुसऱ्या हाताने काम करायला बघायच्या, मग हसायच्या. 'कात्री टेकवून चालवा, उचलू नका' हे वाक्य वाचल्यावर त्यांची कात्री एकदम सरळ चालू लागली. मॅडमनी नेमक्या त्याच वाक्यावर पेन्सिलीने रेघ मारली होती, बोलीतलं वाक्य म्हणून.

मग बाह्या आल्या. मजकूर असा होता: बाहीचा कागद कापडावर ठेवा. खडूने आखा. कापा. अशीच दुसरी बाही कापा.

वाचकबाईंनी कागद ठेवला, आखला, कापली. मग कागद उचलून त्याच दिशेने, त्याच बाजूने पुन्हा ठेवला. "अशीच म्हणलंय, तर अशीच," त्या स्वतःशी म्हणाल्या.

माझी नजर त्या वेळी चुकून शिवणबाईंकडे गेली. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. हात पुढे आला होता. स्टोव्हकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि पुन्हा खाली बसल्या. पदराचं टोक तोंडात धरलं. कात्री फिरत राहिली. मला शिवणातलं फारसं कळत नसल्यामुळे काय झालंय ते समजलं नाही. फक्त त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती.

सगळे तुकडे धावदोऱ्याने जोडून झाल्यावर वाचकबाईंनी ते ब्लाउज अंगातल्या ब्लाउजवरच चढवलं. उजवा हात गेला. डावा घातला आणि वर उचलायला गेल्या तर काखेत सगळं कापड गोळा झालं.

"ह्यो हात वर जाईना की ओ," त्या म्हणाल्या.

मॅडम उठल्या, बाही हातात धरून उलटसुलट पाहिली. "जाणार कसा? दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या आहेत."

ब्लाउजच्या बाहीला पुढच्या अंगाने खोल कापलेलं असतं, मागच्या अंगाने कमी. म्हणून उजवी बाही डावीकडे बसत नाही. कापड दुहेरी दुमडून कापलं की एका कापात जोडी निघते, एक उजवी आणि एक डावी. ते दुमडायचं पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मी हेच म्हणत होते," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवून नाही, थकून म्हणाल्या. "हे छापलं तर गावोगाव बायका एक हात खाली ठेवून फिरतील."

वाचकबाईंना हसू आलं, मलाही आलं. शिवणबाई हसल्या नाहीत.

"मुकी बैठक संपली," सर म्हणाले. "बाई, बोला आता."

"कापड दुमडायचं असतं, सर."

"मग पुस्तकात का नाही?"

शिवणबाईंनी टेबलावरचं उरलेलं कापड दुमडलं. मग म्हणाल्या, "वर्गात पोरींना कापड मीच दुमडून देते. एकोणीस वर्षं. त्यांच्या हातात येतं तेव्हाच ते दुमडलेलं असतं. मी हे तोंडानं कधी बोललेच नाही. लिहिताना कुठून येणार?"

सरांनी हिरवी पेन्सिल काढली आणि त्या ओळीजवळ तळहात काढला. मग विचारलं, "कात्री लागायच्या आधी तुम्हाला दिसलं होतं. कापड तुमचं होतं. एक चहा करून वाचवता आलं असतं."

"बोलले असते तर बाही बरोबर आली असती," शिवणबाई म्हणाल्या, "आणि पुस्तक तसंच राहिलं असतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते कोणाची स्तुती करायचे नाहीत, चष्मा पुसायचे. त्या दिवशी ते मॅडमना म्हणाले, "शनिवारी सकाळी पुन्हा बसू. दुसरा वाचक. समितीला अहवाल त्यानंतर द्या." मॅडमनी घड्याळ पाहिलं, डायरी पाहिली, आणि हो म्हणाल्या. त्यांना नाही म्हणता आलं असतं. मी ते वहीत नोंदवून ठेवलं आहे.

उरलेली प्रत सरांनी दुपारभरात पुन्हा वाचली. बाईंच्या हाती परत गेली तेव्हा तिच्या समासात एकतीस तळहात होते. एकतीस ठिकाणी बाईंचे हात मजकुराच्या ऐवजी काम करत होते. मी मनात हिशेब केला, चार दिवसांत एकतीस, आणि माझ्या यादीत 'छापखाना' या शब्दासमोर प्रश्नचिन्ह टाकलं.

बुधवारी दुरुस्त पानं आणायला मी शहागंजला गेले. दारातूनच जे दिसलं त्याने मी चपला काढायला विसरले. शिवणबाई खोलीच्या मध्ये उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात मागे ओढणीने बांधलेले होते. समोर त्यांची नणंद कापड घेऊन बसलेली. बाजूला एक विद्यार्थिनी वही-पेन घेऊन. बाई जे बोलतील ते तिने लिहायचं, आणि नणंदेने तेवढंच करायचं.

"कापड घे," बाई म्हणाल्या.

नणंदेने कापड घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"अगं, टेबलावर पसर!"

"तुम्ही 'घे' म्हणालात, वहिनी. पसर कुठं म्हणालात?"

"लिही गं," बाई विद्यार्थिनीला म्हणाल्या, "कापड टेबलावर पसरा. छापाची बाजू आत येईल असं दुमडा. दोन्ही काठ जुळवा." बोलताना त्यांचे खांदे हलत होते. बांधलेले हात मागे ओढणीत दुमडायची हालचाल करत होते.

"हात का बांधलेत?" मी विचारलं.

"मोकळे असले की पुढं जातात. सोमवारी खुर्चीत बसून कळलं मला. तोंड बंद ठेवून पुस्तक चुकलेलं दिसलं, आता हात बंद ठेवून ते लिहिते."

नणंद म्हणाली, "असेच बांधून ठेवा, वहिनी. दोन दिवसांत एकाही पोरीला चिमटा बसला नाही." मशिनींवरच्या मुली खिदळल्या. "आणि मला शिवण येत नाही म्हणून लग्न होऊन आल्यापासून टोमणे मारता ना? आता माझ्यावाचून तुमचं पुस्तक होईना."

मी बरीच हस्तलिखितं हाताळली आहेत, नंतरही हाताळली. दुरुस्ती सांगितली की लेखक रुसतो, किंवा वाद घालतो, किंवा दोन शब्द इकडेतिकडे करून आणून देतो. स्वतःची चूक कुठून येते ते शोधून तिचा असा बंदोबस्त करणारी व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही. शुक्रवारी दुपारी सगळी पानं आली. एकतीसच्या एकतीस. मी प्रत्येक तळहातासमोर खूण केली आणि दोनदा मोजून पाहिलं.

शनिवार. हजर: तेच, वाचक बदलून. ही गंगापूरकडची विशीतली सून होती, पहाटेचं स्वयंपाकपाणी उरकून जीपने आलेली. बोलायला कमी. सरांनी तिलाही चुकू शकत नाही असं सांगितलं, तर तिने नुसती मान हलवली आणि वाचायला सुरुवात केली.

कापड पसरलं. छापाची बाजू आत आली. काठ जुळले. बाहीच्या आकृतीशी मात्र ती थांबली. पान जवळ धरलं, लांब धरलं. मग उठली, खिडकीशी गेली आणि पान उलटं करून उजेडावर धरून मागच्या बाजूने बघत राहिली. शिवणबाईंनी पदर तोंडात घेतला. मॅडम पुढे झुकल्या. मी घड्याळ पाहिलं, साडेअकरा. मुलगी परत आली, बसली आणि कापायला लागली.

जोडी निघाली. एक उजवी, एक डावी. धावदोरा घालून ब्लाउज चढवलं आणि तिने दोन्ही हात डोक्यावर नेले. कोणी सांगितलं नव्हतं तरी खाली आणलेच नाहीत, तशीच उभी राहून हसायला लागली. शिवणबाई उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि स्टोव्ह पेटवला. दंड नसताना केलेला आमच्या कार्यालयातला तो पहिला चहा.

मॅडमनी टेप घेऊन बाह्या स्वतः मोजल्या. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मोजला. मापांचा तक्ता पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "ही मापं कुठून घेतली?"

"वर्गातल्या पोरींची, मॅडम. वहीत ठेवते मी."

"तयार पुस्तिकेपेक्षा चांगली आहेत." त्यांनी अहवालावर सही केली. मग मला म्हणाल्या, "त्या कात्रीच्या वाक्यावरची माझी रेघ खोडून टाका. भाषेला हात लावू नका." नुसतं हरून सही करणारं माणूस असं बोलत नाही. मॅडमविषयीचा माझा आदर त्या दिवशीचा आहे.

सर मात्र गंगापूरच्या मुलीकडे बघत होते. "खिडकीत काय पाहिलंस, बेटा?"

ती लाजली. "मी डावरी हाय. चित्रातली बाई उजव्या हातानं कापती. पान उलटं धरलं की ती माझ्यासारखी दिसती. कात्री कशी धरायची तेवढं बघितलं."

सरांनी प्रत ओढली आणि आकृतीजवळ हिरवा तळहात काढला. बत्तिसावा.

"सर, आता यासाठी थांबवू नका," मॅडम म्हणाल्या. "तीनला समिती आहे."

"नाही थांबवत. बाईंचा वर्ग थांबेल." ते माझ्याकडे वळले. "लिहा. डाव्या हाताच्या आकृत्या, पुढच्या छपाईआधी." मी लिहिलं आणि समोर चौकट आखली.

समितीने मंजुरी दिली. पुस्तिका छापून आली, शहागंजच्या मागच्या त्या दारावर अभ्यासकेंद्राची पाटी लागली. बाईंच्या मुलींनी पहिल्या वर्षीची प्रमाणपत्रं भिंतीवर मशिनींच्या वर लावली होती, कारण घरी नेली की धाकटी भावंडं खराब करतील म्हणे. सरांनी आणखी काही वर्षं काम केलं, मग डोळे गेले, आणि आता ते नाहीत. त्यांची हिरवी पेन्सिल माझ्या खणात आहे. मुकी बैठक मी चालू ठेवली आहे. स्टोव्हच्या जागी विजेची किटली आली आहे.

पुस्तिका पुन्हा पुन्हा छापली गेली. दर वेळी मागणी घाईची, दर वेळी वरून एकच निरोप: आहे तशीच छापा. आणि दर वर्षी मी नव्या वहीत डाव्या हाताच्या आकृत्यांची ती ओळ उतरवून घेत आले. एकदा संगणकावर बसून आकृती नुसती उलटी करून पाहिली. एका क्षणात झाली. मग छापून शिवणबाईंकडे नेली, तर त्या म्हणाल्या, "हात उलटला तशी बाहीपण उलटली की. हुकंही दुसरीकडं गेली. हिच्यावरून कापलं तर पुन्हा सोमवारच होईल." म्हणजे डावरी बाई खरीच बसवायची, ती कापत असताना चित्र काढून घ्यायचं, आणि मग दुसऱ्या डावऱ्या बाईला त्यावरून कापायला लावायचं.

शिवणबाई आता थकल्या आहेत. वर्ग त्यांची एक जुनी विद्यार्थिनी चालवते. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो, आणि 'कशी आहेस' च्या आधी 'आकृत्यांचं काय झालं' येतं. मागच्या आठवड्यात त्यांनीच कळवलं की वर्गात या वर्षी एक डावरी मुलगी आली आहे, हात चांगला आहे.

तर या महिन्याच्या पानावर असं आहे. आकृतीसाठी बसणारी: मिळाली. चित्रकार: सांगून ठेवला. कापड: आणलं, छापील, एका बाजूने फिकं. मुक्या बैठकीसाठी वाचक, डावरी, शिवण अजिबात न येणारी: शोधायची आहे. गंगापूरकडच्या दोन जणींना विचारलं, दोघींनाही शिवता येतं, आमच्याच पुस्तिकेवरून शिकलेल्या. शेवटची चौकट अजून रिकामी आहे.